नैराश्याचा उपचार वस्तीत कसा पोचतो? आशा ताई, आठ भेटी आणि गोळीचा प्रश्न

आशा कार्यकर्त्यांना नैराश्याच्या रुग्णांशी कसं बोलायचं ते शिकवलं जातंय, अशी बातमी मधूनमधून वाचायला मिळते. त्यात सीहोरचं नाव हटकून असतं. इंदूरहून भोपाळला जाताना लागतं तेच सीहोर. ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या आशांना स्मार्टफोनवर हिंदीतून अभ्यासक्रम देऊन तयार करण्याचा प्रयोग केला.

ही बातमी निघाली की इंदूरच्या मराठी घरांत दोन शंका ऐकू येतात. लसीकरणाच्या याद्या करणारी बाई डिप्रेशन कसं बरं करणार, ही पहिली. आणि गरिबाला कसलं आलंय डिप्रेशन, पोटाला मिळालं की तो बरा होईल, ही दुसरी. दोन्ही शंका मनापासून विचारलेल्या असतात, म्हणून त्यांचं उत्तर नीट मुळापासून द्यायला हवं.

वाईट वाटणं वेगळं, नैराश्य वेगळं

घरात कुणी गेलं, काम सुटलं, लग्न मोडलं की माणूस खचतो. दिवस जातात तसा हळूहळू सावरतोही. नैराश्यात हे सावरणंच अडतं. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ मन उदास राहतं किंवा कशातच गोडी वाटत नाही. त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, लक्ष हे सगळं बिघडतं. आपण निकामी आहोत असं वाटत राहतं, कधी जगूच नये असंही वाटतं. रोजची कामं उरकेनाशी होतात. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. मध्य प्रदेश त्यात होता. आयुष्यात कधीतरी नैराश्य येऊन गेलेली माणसं साधारण २० मागे एक निघाली. आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कुठलाच उपचार मिळत नव्हता.

‘चांगल्या डॉक्टरला दाखव’ म्हणून का भागत नाही

त्याच सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ होते. म्हणजे २० लाख माणसांना एक. केरळात हा आकडा १.२ होता. इंदूरकराला वाटेल की हे खेड्यापाड्यांचं झालं, आपल्याला काय कमी आहे? बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, एमवायसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, पलासियाला खासगी दवाखाने आहेत.

आता पाटनीपुऱ्याच्या मागच्या गल्लीत राहून चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईचा दिवस बघा. सकाळी नळ, स्वयंपाक, मुलांचे डबे, मग पहिलं घर. सरकारी ओपीडी सकाळची, म्हणजे नेमकी तिच्या कामाच्या वेळची. पर्ची काढायला एक रांग, डॉक्टरांची दुसरी, औषधाची तिसरी. चारही घरी खाडा. दोन-तीन खाडे झाले की पगार कापला जातो, आणखी झाले तर दुसरी बाई लागते. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी या. ती जात नाही. कागदावर नोंद होते की रुग्णाने उपचार सोडले. मला ही नोंद तिच्यावर अन्याय करणारी वाटते. तिने हिशेब केला आणि त्या हिशेबात दवाखाना बसला नाही. तो पगार कापणारं घर पुष्कळदा आपल्यातल्याच कुणाचं असतं, हेही मान्य करायला हवं.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास जीन मिरांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच अडचण तपासली. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी उत्पन्नाच्या २६७ तरुण स्त्रिया होत्या, बऱ्याचशा कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकेतून आलेल्या. एका गटाला जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात जा म्हणून सांगितलं. बाकी दोन गटांना गोळ्या किंवा समुपदेशन दिलं, आणि त्याबरोबर येण्या-जाण्याची, मुलं सांभाळायची सोय केली. उपचार काय असतो ते आधी भेटून समजावलं. नुसतं ‘जा’ म्हटलेल्यांपैकी फार थोड्या त्या केंद्रात पोचल्या. ज्यांची सोय केली त्यांचा त्रास त्यांच्यापेक्षा स्पष्ट कमी झाला. गोळ्या नेहमीच्याच होत्या, समुपदेशनाची पद्धतही नेहमीचीच.

काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

जुलाबावरची जलसंजीवनी आठवा. पाणी, मीठ, साखर यांचं प्रमाण शास्त्राने ठरवलंय, ते कुणी आपल्या मनाने बदलायचं नाही. पण ती नर्सने पाजायची की आजीने, पाकिटातली की घरी चमच्याने मोजून केलेली, पेल्यातून की वाटी-चमच्याने, हे जागेवर ठरतं. गरीब वस्तीसाठी किंवा वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीभातींच्या लोकांसाठी नैराश्याचा उपचार जुळवून घेणं म्हणजे हेच. गाभा जसाच्या तसा ठेवायचा. तो कुणी, कुठे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेळी द्यायचा ते बदलायचं.

गाभा काय असतो ते एका पद्धतीवरून बघू. तिला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. मी पुढे ‘कृतीतून उभारी’ म्हणेन. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी शेजारी जाणं सुटतं, मग देवळात जाणं, मग धड जेवणं, मग केस विंचरणंही. प्रत्येक सुटलेल्या गोष्टीबरोबर तिच्यातून मिळणारं थोडंसं समाधानही जातं, म्हणून उदासी आणखी वाढते आणि आणखी काही सुटतं. हे चक्र कृतीच्या टोकाकडून तोडायचं. मन लागेल तेव्हा करू, अशी वाट बघायची नाही. जमेल एवढी लहान कृती आधी करायची, मन मागून येतं.

हे ऐकून कुणी म्हणेल, हा तर आपण रोज देतो तोच सल्ला आहे: जरा बाहेर पड, मन रमव. पण त्या सल्ल्यात दिवस ठरलेला नसतो, वेळ ठरलेली नसते आणि आठवड्याने कुणी विचारायला येत नाही. वर न जमल्याचं खापर त्याच माणसाच्या डोक्यावर फुटतं. कृतीतून उभारीत कृती कुठली, कधी, कुणाबरोबर, आड काय येईल, आलं तर काय करायचं, हे सगळं दोघींनी मिळून ठरवायचं असतं. पुढच्या भेटीत ते तपासायचं असतं. जमलं नसेल तर योजना मोठी होती असं मानून ती लहान करायची; बाईला दोष द्यायचा नाही.

सहा ते आठ भेटींत होतं काय

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगथच्या मंडळींनी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ याच गाभ्यावर उभा केला. त्याच्या नावात ‘मानसिक’ हा शब्दच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी, प्रत्येक साधारण ३० ते ४० मिनिटांची, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी.

पाटनीपुऱ्याची आपली बाई अशा भेटीला बसली आहे असं समजू. ती निमाडची, बोलणं निमाडी-हिंदी मिसळून. पहिल्या भेटीत समुपदेशक ताई उपदेश करत नाही. आधी तू दिवसभर काय करायचीस, आता काय सुटलंय, असं विचारत जाते. कळतं की कामं चालू आहेत, कारण ती थांबवून चालणार नाही. पण घरी आल्यावर ती भिंतीला टेकून बसून राहते. मुलीची वेणी आता शेजारीण घालते. संध्याकाळी ओटल्यावर बायका जमतात, तिथे जाणं बंद आहे. बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जायची, तेही सुटलं.

पाश्चात्य पुस्तकात अशा वेळी मैत्रिणीला फोन करा, गरम पाण्याने अंघोळ करा, छंदाला वेळ द्या, अशी यादी असते. ती यादी इथे बाजूला ठेवायची. इथली पहिली कृती असते मुलीची वेणी: मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळेच्या आधी, दहा मिनिटं. दुसरी म्हणजे ओटल्यावर चहाचा पेला घेऊन बसणं. बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं बसायचं. लिहिता-वाचता येत नसेल तर कागदावर सात चौकोन काढायचे आणि केलं त्या दिवशी खूण करायची. खुणेशेजारी मन कसं होतं त्याचा चेहरा काढायचा, हसरा, बरा किंवा रडका. दोन आठवड्यांनी तो कागद समोर धरला की ताईला काही पटवावं लागत नाही. वेणी घातलेल्या दिवसांचे चेहरे कसे आहेत ते तिचं तीच बघते.

मधल्या भेटींत अडचणी निघतात. बचत गटाचा हप्ता, नवऱ्याची दारू, भाडं. त्यातली प्रत्येक अडचण वेगळी मांडायची, ज्यात काही करता येईल ती आधी घ्यायची, दोन-तीन वाटा काढून एक निवडायची. हप्ता थकला असेल तर गटाच्या अध्यक्षेशी बोलायचं कुणी आणि कोणत्या शब्दांत, इथपर्यंत तयारी होते. मारहाण होत असेल तर मात्र वेण्या आणि चहा हे उत्तर नव्हे. तिथे १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि अशा बायकांना मदत करणारं सरकारी वन स्टॉप सेंटर, हे त्याच भेटीत सांगायला हवं.

तक्रार छातीची, आणि प्रश्न कुठल्या भाषेत?

मला नैराश्य आलंय, असं म्हणत वस्तीतलं कुणी येत नाही. तक्रार असते ‘घबराहट’ची, डोकं जड असल्याची, हातपाय मोडून आल्याची. रामबागेतल्या एखाद्या मराठी आजीला विचारलं तर छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, कशात जीव रमत नाही, एवढंच सांगतील. मग ताकदीची बाटली, सलाइन, झोपेची गोळी. पैसे जातात आणि त्रास राहतो.

हा त्रास खोटा नसतो, नैराश्यात शरीर खरंच दुखतं. म्हणून जुळवून घेतलेला उपचार अंगाच्या तक्रारीपासूनच सुरू होतो. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणं चांगलं, कारण त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा आणि उदासी येते. मग झोप कशी आहे, जेवण जातं का, पूर्वी कशात मन लागायचं, असं हळूहळू पुढे जायचं.

पीएचक्यू-९ ही जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न कामं करण्यातल्या रसाबद्दल आणि आनंदाबद्दल आहे. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला तो शब्दशः विचारला तर ती गोंधळते. भांडी घासण्यात आनंद कुणाला असतो? सणाला नवं कापड घ्यावंसं वाटलं का, लेकरू हसलं तर आपल्यालाही हसू येतं का, असं विचारलं की उत्तर मिळतं. प्रश्न असा फिरवताना त्याचा अर्थ मात्र सुटता कामा नये. म्हणून चांगल्या कार्यक्रमात हे आधी वस्तीतल्या लोकांबरोबर बसून ठरवतात आणि मग सगळीकडे तसंच विचारतात.

भाषेचा परिणाम मोजलाही गेला आहे. संस्कृतीप्रमाणे जुळवून घेतलेल्या उपचारांचे ७६ अभ्यास २००६ साली ग्रायनर आणि स्मिथ यांनी एकत्र तपासले. रुग्णाच्या मातृभाषेत दिलेला उपचार इंग्रजीत दिलेल्याच्या सुमारे दुप्पट परिणामकारक दिसला. इंदुरात मराठी, माळवी, निमाडी, सिंधी, भिली, उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येतात. आपली मराठी मंडळी बाहेर सफाईने हिंदी बोलतात, पण साठ वर्षांच्या संसाराचं दुःख हिंदीत सांगायची वेळ आली की दोन वाक्यांत आटोपतं घेतात. दवाखान्यात मराठी समजणारी एखादी नर्स असली तरी किती फरक पडेल!

सासू, शेजार आणि एका खोलीचं घर

पुस्तकी समुपदेशनात आपलं म्हणणं स्पष्ट मांडा, नाही म्हणायला शिका, असा भाग असतो. तो जसाच्या तसा उचलून सुनेला शिकवला तर संध्याकाळी घरात रण माजेल आणि पुढच्या भेटीला ती येणारच नाही. म्हणून आधी हे शोधायचं की त्या घरात तिचं म्हणणं कुणामार्फत पोचतं. ती नणंद असेल, दीर असेल, कधी सासराही असेल.

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान यांनी ‘थिंकिंग हेल्दी’ नावाचा कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांचं नैराश्य हा विषय होता, पण बोलणं बाळाच्या तब्येतीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे सासूही उत्साहाने येऊन बसायची. उपचार देणाऱ्या होत्या तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, आपल्या आशांसारख्याच. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांना हा उपचार मिळाला त्या आयांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं. दुसऱ्या गटातल्या आयांनाही तेवढ्याच भेटी मिळाल्या होत्या, फक्त हा उपचार नव्हता. त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होतं.

सगळ्यांत अवघड असते जागा. एका खोलीत पाच माणसं राहतात, पलीकडच्या घरातला टीव्ही इकडे ऐकू येतो. तिथे मोकळं बोलणार कसं? आणि आशा ताई त्याच वस्तीतली. ओळखीची म्हणून विश्वास वाटतो, ओळखीची म्हणूनच भीतीही वाटते की ही बाहेर बोलेल. यावर एकच एक तोडगा नाही. कुणाला घरी भेटणं बरं वाटतं, कुणाला मुलं गेल्यावर अंगणवाडीत, कुणाला वस्तीतल्या सरकारी दवाखान्याच्या, म्हणजे संजीवनी क्लिनिकच्या कोपऱ्यात, तर कुणाला दुसऱ्या गल्लीतलीच ताई हवी असते. विचारून ठरवावं लागतं. गुप्ततेचा भाग प्रशिक्षणात तोंडदेखला असेल तर बाकीचं प्रशिक्षण वाया गेलं म्हणून समजा.

झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात साधा लाकडी बाक ठेवून सुरुवात केली. बाकावर त्या भागातल्या आज्या बसतात आणि माणसाला त्याच्या अडचणीतून वाट काढायला मदत करतात. बाक सगळ्यांना दिसतो, बोलणं कुणाला ऐकू जात नाही. हरारेतल्या २४ दवाखान्यांत त्याची चाचणी झाली. सहा महिन्यांनी बाकावर आलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं होती, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ४९.९ टक्क्यांना.

शाळा शिकलेली बाई उपचार करणार? हा गरिबांसाठी दुय्यम माल तर नाही?

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर गोव्याच्या चाचणीत आहे. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. समुपदेशकांना मानसशास्त्राची पदवी नव्हती. शालेय शिक्षण झालेली ही स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या बाहेर आले होते. ज्यांना फक्त डॉक्टरांची थोडी सुधारित सेवा मिळाली त्यांच्यात ३९ टक्के. वर्षाने हे आकडे ६३ आणि ४८ होते. म्हणजे अंतर कमी झालं, पण राहिलं. शंभरातले छत्तीस जण तीन महिन्यांनंतरही बाहेर आले नव्हते, हेही विसरायचं नाही. त्यांना पुढची मदत लागतेच.

हे नुसत्या तीन आठवड्यांच्या शिबिरावर साधलं नाही. शिबिरानंतर त्यांनी काही महिने देखरेखीखाली काम केलं. पुढे दर आठवड्याला एकत्र बसून ते एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि गुण देत. ही देखरेख काढून टाकली तर उरतं ते फक्त गोड बोलणं. सरकारी योजनेत नेमका हाच भाग पैसे वाचवायला पहिल्यांदा कापला जातो. माझा आक्षेप असलाच तर तो इथे आहे.

दुय्यम मालाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये डेव्हिड रिचर्ड्स यांनी ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेली कृतीतून उभारी आणि अनुभवी मानसोपचारकांनी दिलेली महागडी पद्धत यांची तिने तुलना केली. पहिली दुसरीपेक्षा कमी पडली नाही. श्रीमंत देशही याच वाटेने जातायत.

मर्यादा मात्र ठरलेली हवी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, कानात आवाज येणं, पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसेंदिवस अति उत्साहात राहिलेलं असणं, खाणं-पिणं थांबणं, बाळंतपणानंतर अचानक भ्रमिष्टासारखं वागणं, यातलं काहीही दिसलं तर ताईचं काम एकच: त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवणं.

गरिबी गेली की नैराश्य जाईल ना?

अर्धं बरोबर आहे. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी जगभरचा पुरावा एकत्र मांडला. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत नैराश्य किंवा चिंतेचा आजार सर्वांत जास्त उत्पन्नाच्या लोकांपेक्षा दीड ते तीन पट आढळतो. आणि ओघ दोन्ही दिशांनी आहे. गरिबीने आजार येतो, आजाराने कमाई घटते. पैसे मिळाले तर मन सुधारतं, उपचार मिळाला तर काम सुधारतं.

इंदूरला हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये मोकळे झाले. ३२ वर्षं! कितीतरी जण ती रक्कम बघायला उरले नाहीत. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. त्याचा हक्काचा पैसा हे त्याचं पहिलं औषध. पण तो येईपर्यंत कोर्टाच्या तारखांना जायला, कागद जमवायला, सकाळी अंथरुणातून उठायला जी ताकद लागते, ती नैराश्य खाऊन टाकतं. म्हणून दोन्ही लागतं.

‘आत्मीयता’ नावाचा कार्यक्रम मला याचसाठी मोलाचा वाटतो. पुण्याच्या एका संस्थेने तो नाशिक जिल्ह्यात सुरू केला, पुढे गुजरातेत मेहसाण्यात नेला. त्यात गावातलेच स्वयंसेवक त्रासात असलेल्यांशी बोलतात आणि त्याच माणसाला पेन्शन किंवा इतर सरकारी योजना मिळवून द्यायलाही मदत करतात. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने दीड वर्ष काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण त्या काळात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ज्या मातीत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचल्या, तिथली ही गोष्ट आहे.

देवाचं करतो, ते सोडायचं का?

नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालतो. मुजावर दुआ देतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडेही पाठवतात. नवस, भजनी मंडळ, गुरुवारची आरती यांतून माणसं भेटतात, आणि कृतीतून उभारीला तेच हवं असतं. फक्त साखळदंड, मारहाण, उपाशी ठेवणं आणि औषध बंद करायला लावणं हे कुणाच्याही नावाने चालायचं नाही.

गोळीची सवय लागते म्हणे

इथे दोन गोळ्यांची गल्लत होते. झोपेच्या किंवा ‘घबराहट’च्या नावाने मिळणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची खरंच सवय लागते. त्या महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं आहे. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटीनसारख्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तशी तलफ लागत नाही, त्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, महागही नाहीत. पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर आठव्या दिवशी गोळी बंद होते. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागते आणि थांबवायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू. तीव्र नैराश्यात बहुधा गोळी आणि भेटी दोन्ही लागतात.

हे सगळं आशा ताईच्याच डोक्यावर?

लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, टीबी, आणि आता दुसऱ्याचं दुःखही. आशांना पगार नाही, मानधन आणि कामामागे मोबदला मिळतो. रोज चार जणींचं रडणं ऐकून ती स्वतः घरी जाते तेव्हा तिचं कोण ऐकतं? या भेटींचा वेगळा मोबदला, आठवड्याची देखरेख आणि अवघड रुग्ण पाठवायला हाकेच्या अंतरावर डॉक्टर, या तीन गोष्टींशिवाय तिच्यावर हे काम टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

आत्ता, इथे, काय करता येईल

मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत मानसिक त्रासासाठी ‘मन कक्ष’ सुरू केले आहेत, तिथे चौकशी करा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणं हा त्याने हक्क केला आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारही धरायला लावला. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला दवाखान्याची तारीख असेल तर त्या सकाळचा पगार कापू नका आणि पुढच्या तारखेची आठवण तुम्हीच करून द्या.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास चालतो, फुकट आहे, २० भाषांत बोलता येतं आणि त्यांत मराठी आहे.

कुणी ‘आता जगण्यात राम नाही’ असं म्हणालं तर विषय बदलू नका. जीव द्यायचे विचार मनात येतात का, असं सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना विचारल्यावर हलकं वाटतं. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलुपात ठेवा, १४४१६ लावून फोन त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसून राहा. त्याच क्षणी धोका वाटत असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.